जॉन विल्किन्स : विश्वाची कोष्टके आणि शब्दांची घडण

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला :
• जॉन विल्किन्स यांच्या जीवनाची व कार्याची ओळख होईल.
• सर्व ज्ञानासाठी एक सामाईक संकल्पना-चौकट उभारण्यामागील भूमिका सांगता येईल.
• अशा चौकटीतून एखाद्या विषयाची स्वतंत्र चौकट घडवताना येणाऱ्या अडचणी उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.

१. प्रस्तावना

शब्दांच्या अर्थांचा अभ्यास करताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. भाषेतील हजारो शब्द ज्या वस्तू, गुण, क्रिया आणि संबंध दाखवतात, त्या सर्वांना सामावून घेणारी एकच मांडणी शक्य आहे काय? अमरकोशाची वर्गवार रचना आपल्याला परिचित आहे. वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म इत्यादी पदार्थ मानून जे जे आहे त्याची विभागणी केली, हेही आपण जाणतो. आजच्या संगणकीय माहितीशास्त्रात अशा मांडणीला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. द्रव्य, गुण, प्रक्रिया यांसारख्या अतिव्यापक संकल्पनांची जी चौकट सर्व विषयांना समान असते ती सामाईक चौकट. आणि तिच्या आधाराने वनस्पती, रोग, नौकानयन अशा एकेका विषयाची जी मांडणी केली जाते ती विषयचौकट.

सामाईक चौकटीवरून विषयचौकट कशी घडवावी, हा प्रश्न संगणकयुगात प्रथम निर्माण झाला असे समजण्याचे कारण नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाने तो अत्यंत गंभीरपणे हाताळला आणि त्यासाठी आपल्या काळातील उत्तम विषयतज्ज्ञांना कामाला लावले. त्यांच्यापैकी एका तज्ज्ञाला त्या कामात जो अनुभव आला, तो या क्षेत्रातील प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे.

२. बालपण आणि शिक्षण

जॉन विल्किन्स यांचा जन्म १६१४ मध्ये झाला. त्यांचे वडील वॉल्टर विल्किन्स हे ऑक्सफर्ड येथे सोनारकाम करीत. आईचे वडील जॉन डॉड हे प्युरिटन पंथाचे नामांकित धर्मोपदेशक होते. विल्किन्स अकरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. पुढे आईने दुसरा विवाह केला. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन हॉलमधून विल्किन्स यांनी १६३१ मध्ये बी. ए. व १६३४ मध्ये एम. ए. ही पदवी मिळवली आणि त्यानंतर धर्मोपदेशकाचा पेशा पत्करला.

तथापि त्यांच्या जिज्ञासेला धर्मग्रंथांची मर्यादा नव्हती. १६३८ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी चंद्र ही पृथ्वीसारखीच एक वस्ती असलेली सृष्टी असू शकेल, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १६४० मध्ये पृथ्वी हा एक ग्रह आहे हे मत त्यांनी इंग्रजी वाचकांसमोर मांडले. १६४१ मधील ‘मर्क्युरी’ हा ग्रंथ गुप्त आणि शीघ्र संदेशवहनाविषयी होता. सांकेतिक लिपी, खुणा व ध्वनी यांच्या साहाय्याने विचार कसा पोचवता येईल याचा त्यात विचार आहे. सर्व देशांच्या लोकांना वाचता येईल अशा लिपीची कल्पनाही तेथे डोकावते. १६४८ मधील ‘मॅथेमॅटिकल मॅजिक’ या ग्रंथात त्यांनी यंत्रांची तत्त्वे सोप्या भाषेत समजावून दिली. अवघड विषय सामान्य वाचकापर्यंत नेण्याची ही हातोटी त्यांच्या सर्व लेखनात आढळते.

३. वॉडम महाविद्यालय आणि अभ्यासमंडळ

इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाने विद्यापीठांची घडी विस्कटली होती. पार्लमेंटच्या बाजूचे म्हणून विल्किन्स यांची १६४८ मध्ये ऑक्सफर्डच्या वॉडम महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. मात्र त्यांनी पक्षभेदाला महाविद्यालयात थारा दिला नाही. त्यामुळे राजपक्षाच्या कुटुंबांनीही आपली मुले त्यांच्याकडे विश्वासाने पाठवली. ख्रिस्तोफर रेन हे त्यांपैकी एक होत. त्यांच्याभोवती प्रयोगशील विद्वानांचे एक मंडळ जमले. रॉबर्ट बॉइल, सेथ वॉर्ड, विल्यम पेटी, थॉमस विलिस आणि तरुण रॉबर्ट हूक ही त्यातील काही नावे. विल्किन्स यांच्या बागेत मधमाश्यांचे काम बाहेरून पाहता येईल अशी पारदर्शक पोळी होती. तसेच लपवलेल्या नळीतून बोलले असता जणू स्वतःच बोलत आहे असा भास करून देणारा पुतळाही तेथे होता.

१६५६ मध्ये त्यांनी ऑलिव्हर क्रॉमवेल यांची विधवा बहीण रॉबिना हिच्याशी विवाह केला. महाविद्यालयाच्या प्रमुखाने अविवाहित राहावे असा नियम असल्याने त्यांना त्यासाठी खास सूट मिळवावी लागली. १६५९ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमुख झाले. परंतु १६६० मध्ये राजसत्ता पुनःस्थापित होताच त्यांचे हे पद गेले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना लंडनमध्ये जणू नव्याने सुरुवात करावी लागली.

४. रॉयल सोसायटी आणि सार्वत्रिक भाषेची कल्पना

२८ नोव्हेंबर १६६० रोजी लंडनच्या ग्रेशम महाविद्यालयात काही विद्वान एकत्र आले आणि प्रयोगाधिष्ठित ज्ञानाच्या वाढीसाठी संस्था स्थापन करण्याचे त्यांनी ठरवले. या सभेचे अध्यक्षस्थान विल्किन्स यांनी भूषविले. हीच पुढे रॉयल सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली आणि विल्किन्स तिचे एक चिटणीस झाले.

त्या काळी लॅटिन भाषेचे विद्वत्तेवरील वर्चस्व कमी होत होते. प्रत्येक देशातील विद्वान आपापल्या भाषेत लिहू लागले होते. त्यामुळे परस्परांचे संशोधन समजणे अवघड होत चालले. धार्मिक वादांतही एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ घेऊन माणसे एकमेकांच्या जिवावर उठत, हे यादवी युद्ध पाहिलेल्या पिढीने अनुभवले होते. म्हणून ज्या भाषेत प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच्या घडणीतूनच स्पष्ट होईल अशी भाषा निर्माण करावी, असे विल्किन्स यांना वाटू लागले.

या कामी जॉर्ज डाल्गार्नो हे स्कॉटिश शिक्षक प्रारंभी त्यांचे सहकारी होते. परंतु दोघांच्या भूमिकेत मूलभूत फरक होता. थोड्या मूळ शब्दांपासून बाकीचे शब्द जोडून घ्यावेत आणि मूळ शब्द लक्षात ठेवता येतील इतकेच असावेत, असा डाल्गार्नो यांचा आग्रह होता. सृष्टीतील वस्तूंची तपशीलवार कोष्टके असल्याशिवाय भाषा परिपूर्ण होणार नाही, असे विल्किन्स मानीत. दोघे वेगळे झाले. डाल्गार्नो यांचा ग्रंथ १६६१ मध्ये निघाला. विल्किन्स यांचे काम मात्र आणखी सात वर्षे चालले.

५. चाळीस महावर्गांची चौकट

विल्किन्स यांच्या योजनेत सर्व ज्ञेय गोष्टींचे चाळीस महावर्ग आहेत. त्यांतील पहिले सहा अतिव्यापक स्वरूपाचे असून उरलेले द्रव्य, परिमाण, गुण, क्रिया आणि संबंध या ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील पदार्थांखाली येतात. द्रव्याखाली महाभूते, पाषाण, धातू, वनस्पती आणि प्राणी. गुणाखाली स्वाभाविक शक्ती, सवयी, इंद्रियगोचर गुण आणि रोग. संबंधाखाली कुटुंब, मालमत्ता, न्याय, सैन्य, नौकानयन इत्यादी. प्रत्येक महावर्गाचे भेद आणि प्रत्येक भेदाच्या प्रजाती पाडल्या आहेत. चाळीस महावर्ग, २५१ भेद आणि २,०३० प्रजाती असा हा एकूण विस्तार आहे.

या कोष्टकांतील स्थानावरूनच शब्द तयार होतो. ‘दे’ हे अक्षर महाभूत या महावर्गासाठी आहे. त्याला ‘ब्’ हे व्यंजन जोडले की ‘देब्’ म्हणजे त्या महावर्गाचा पहिला भेद, अग्नी. पुढे एक स्वर जोडला की पहिली प्रजाती, म्हणजे ज्वाला. अशा प्रकारे शब्द उच्चारताच वस्तूचे विश्वातील स्थान कळते. शब्द हीच त्याची व्याख्या होय.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. अन्न, वस्त्रे, भांडी आणि घरातील सामान या वस्तू द्रव्यरूप असूनही विल्किन्स यांनी त्या द्रव्याखाली ठेवल्या नाहीत. ‘सोयीसामग्री’ असा महावर्ग करून त्या संबंधाखाली ठेवल्या. कारण वस्त्राचे वस्त्रपण ते कशाचे बनले यावर अवलंबून नसून माणूस त्याचा कसा उपयोग करतो यावर अवलंबून असते. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर परसातील चिंच ही वृक्ष म्हणून एका ठिकाणी येईल आणि आमटीतील चिंच ही पदार्थाची सामग्री म्हणून दुसऱ्या ठिकाणी. वस्तूचे स्वरूप आणि तिची भूमिका यांत भेद करणे ही आजही विषयचौकट घडवणाऱ्याने शिकावयाची पहिली गोष्ट आहे.

६. विषयतज्ज्ञांचा सहभाग

वरची चौकट विल्किन्स स्वतः आखू शकत होते. परंतु खालचे तपशील एकट्याने भरणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी त्या त्या विषयाच्या जाणकारांकडे धाव घेतली. नौदलाच्या कारभारात मुरलेले सॅम्युएल पीप्स यांनी जहाजांसंबंधीच्या संज्ञांसाठी साहाय्य केले. प्राण्यांची कोष्टके फ्रान्सिस विलबी यांनी आणि वनस्पतींची कोष्टके जॉन रे यांनी तयार केली. विल्यम लॉइड यांनी इंग्रजी शब्दांचा वर्णानुक्रमी कोश रचून प्रत्येक शब्दाला कोष्टकांतील स्थान दाखवले. जो शब्द कोष्टकांत नव्हता तो कोष्टकांतील शब्दांच्या आधारे समजावून द्यावा लागला. अशा रीतीने हा कोश म्हणजे संपूर्ण चौकटीची एक कसोटीच ठरला.

यांपैकी जॉन रे यांची हकीकत विशेष महत्त्वाची आहे. रे हे एसेक्समधील ब्लॅक नॉटली या खेड्यातील लोहाराचे पुत्र. केंब्रिजमध्ये ते अध्यापक होते. परंतु १६६२ मध्ये कायद्याने मागितलेली शपथ घेणे विवेकबुद्धीला न पटल्याने त्यांनी आपल्या पदावर पाणी सोडले. रानावनांत भटकून वनस्पती प्रत्यक्ष पाहणारा हा माणूस होता. विल्किन्स यांनी त्यांना कोष्टकांचा साचा दिला. वनौषधींचे पान, फूल व बीजकोश यांवरून तीन महावर्ग. प्रत्येकाचे नऊ भेद. प्रत्येक भेदात ठरावीक मर्यादेपलीकडे प्रजाती नाहीत. आणि साम्य किंवा विरोध पाहून प्रजातींच्या जोड्या लावावयाच्या. नऊ या आकड्यामागे वनस्पतींचे कोणतेही कारण नव्हते. शब्दाच्या दुसऱ्या स्थानी जितकी व्यंजने ठेवली होती तितकेच भेद असू शकत होते.

रे यांनी कर्तव्यबुद्धीने काम पूर्ण केले. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. रॉबर्ट मॉरिसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने या कोष्टकांवर कठोर टीका केली, तेव्हा रे यांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात आपली अडचण सांगितली. निसर्ग जिकडे नेईल तिकडे जाण्याची मोकळीक त्यांना नव्हती. वनस्पतींना ग्रंथकाराच्या पद्धतीत बसवावे लागले होते. तीन सारख्या तुकड्या आणि ठरीव संख्या यांतून चांगले वर्गीकरण निघण्याची आशाच नव्हती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

तरीही या कामातून रे रिकाम्या हाताने बाहेर पडले नाहीत. सर्व वनस्पतींकडे एकत्रितपणे पाहणे, एकाच लक्षणावर विसंबण्यातील धोका ओळखणे आणि भेद ठरवण्यापूर्वी तो कशासाठी ठरवतो आहोत हे स्वतःला विचारणे, या गोष्टींशी त्यांना या कामात थेट सामना करावा लागला होता. १६८२ मध्ये त्यांनी वनस्पतिवर्गीकरणाची आपली पद्धत प्रसिद्ध केली. १६८६ पासून निघालेल्या वनस्पतींच्या बृहद्ग्रंथात त्यांनी बीजापासून तीच वैशिष्ट्ये टिकून राहणे हा प्रजातीचा निकष मांडला. येथे आकडा आधी ठरवून वस्तू त्यात बसवलेल्या नाहीत. वस्तूंच्या संबंधांतून विभाग निघाले आहेत.

७. अग्निप्रलय, प्रकाशन आणि अखेरची वर्षे

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला लागलेल्या भीषण आगीत विल्किन्स यांचे निवासस्थान आणि ज्या सेंट लॉरेन्स ज्युरी चर्चचे ते धर्मोपदेशक होते ते चर्च जळाले. छापून होत आलेल्या ग्रंथाच्या बहुतेक प्रतीही त्यात नष्ट झाल्या. अनेक वर्षांचे श्रम डोळ्यांदेखत राख झाले. तरी त्यांनी पुन्हा काम हाती घेतले आणि १६६८ मध्ये ‘वास्तव लिपी व तत्त्वज्ञानात्मक भाषा’ यांवरील हा विशाल ग्रंथ रॉयल सोसायटीच्या वतीने प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेत त्यांनी आपले काम अपुरे असल्याचे मान्य करून सोसायटीने ते तपासावे व सुधारावे, अशी विनंती केली. त्यासाठी एक समितीही नेमण्यात आली. परंतु तिच्या हातून ठोस सुधारणा झाली नाही.

त्याच वर्षी विल्किन्स चेस्टरचे बिशप झाले. अधिकृत चर्चपासून दूर राहिलेल्या लोकांशी त्यांनी सौम्यपणाचे धोरण ठेवले. १९ नोव्हेंबर १६७२ रोजी लंडनमध्ये, आपल्या सावत्र जावयाच्या, म्हणजे जॉन टिलटसन यांच्या घरी त्यांचे निधन झाले. रॉबर्ट हूक यांनी घड्याळासंबंधीचा एक शोध पुढे विल्किन्स यांच्या लिपीत प्रसिद्ध केला. रे यांनी, आपला असमाधानाचा सूर असूनही, या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. ते छापले गेले नाही. भाषा म्हणून ही योजना रुजली नाही.

८. मूल्यमापन

विल्किन्स यांचा प्रयत्न का फसला? एक कारण भाषेच्या स्वभावात आहे. ज्या वस्तू अर्थाने जवळ आहेत त्यांचे शब्दही या भाषेत उच्चाराने जवळ आले. नैसर्गिक भाषेत कुत्रा आणि लांडगा हे शब्द अगदी वेगळे असल्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. विल्किन्स यांच्या भाषेत एक अक्षर बदलले की शेजारची वस्तू उभी राहते. त्यांच्याच ग्रंथात एके ठिकाणी ट्यूलिपच्या जागी सातूचा शब्द पडला आहे, हे उंबेर्तो एको यांनी दाखवून दिले आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. वर्गीकरण आणि शब्द एकमेकांशी जखडले गेल्यामुळे ज्ञान वाढले की भाषाच बदलावी लागणार. नवी वनस्पती सापडली आणि तिच्यासाठी दहावा भेद हवा असला, तर त्यासाठी व्यंजनच शिल्लक नाही.

असे असले तरी वरची चौकट आखण्याचा विचार निष्फळ होता, असे म्हणता येणार नाही. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे यांनी सहा मोठ्या वर्गांखाली एक हजार शीर्षके मांडून जो अर्थानुसारी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत विल्किन्स यांच्या कार्याची नोंद आहे. आज जीववैद्यकातील अनेक विषयचौकटी ‘बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी’ या सामाईक चौकटीच्या आधाराने घडवल्या जातात. त्या चौकटीत टिकून राहणाऱ्या वस्तू आणि काळात घडणाऱ्या प्रक्रिया हा पहिला भेद आहे. शरीर, रोग, औषध यांवर वेगवेगळ्या गटांनी काम केले तरी मांडणी जुळावी, हा तिचा हेतू. विल्किन्स यांनी पीप्स, विलबी आणि रे यांना एका कोष्टकात आणले तेही याच हेतूने. फरक असा की आजची सामाईक चौकट अगदी थोड्या संकल्पनांची असते आणि खालच्या विषयात भेद किती असावेत हे ती ठरवत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ आठवेल. विल्किन्स यांच्या ग्रंथाशी त्याचा संबंध नाही; पण काळ जवळचा आहे. रघुनाथ पंडितांनी अमरकोशाची वर्गवार रीत स्वीकारली, मात्र वर्ग घेतले ते राज्यकारभारातून : दुर्ग, लेखन, शस्त्रे, व्यापारातील माल इत्यादी. रीत सामाईक आणि विभाग विषयाचे, हा विवेक तेथे दिसतो.

९. सारांश

सोनाराच्या घरात जन्मलेले विल्किन्स राज्यक्रांती, पदच्युती आणि अग्निप्रलय यांतून जात असतानाही माणसांनी एकमेकांचे म्हणणे नेमके समजून घ्यावे या ध्यासाने काम करीत राहिले. सामाईक चौकट विषयाच्या अभ्यासकाला योग्य प्रश्न विचारावयास शिकवते : ही वस्तू आहे की गुण, स्वरूप आहे की भूमिका, एक आहे की अनेक? परंतु त्या प्रश्नांची उत्तरे विषयातूनच यावी लागतात. ती उत्तरे चौकटीने आधीच ठरवली, तर जाणकाराचे ज्ञान वाया जाते. जॉन रे यांच्या अनुभवाचा हाच धडा होय.

१०. स्वाध्याय

१. विल्किन्स आणि डाल्गार्नो यांच्या भूमिकांतील फरक स्पष्ट करा.
२. अन्न व वस्त्रे यांना विल्किन्स यांनी संबंधाखाली का ठेवले, ते सांगा.
३. जॉन रे यांच्या अडचणीचे स्वरूप सांगून त्यावर आपले मत लिहा.
४. आपल्या व्यवसायातील किंवा घरकामातील पंचवीस शब्द निवडा. ते प्रथम वस्तू, गुण, क्रिया आणि संबंध यांत विभागा. नंतर त्यांचे पोटविभाग पाडा. कोणते शब्द एकाहून अधिक ठिकाणी बसतात आणि का, याची नोंद करा.